ग्लेंडा फॅरेल आणि आमची आत्या

१९९६ च्या पावसाळ्यात आत्या न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाल्यावर जुन्या वाड्याचे जिने तिला झेपेनात, म्हणून तिला आमच्या घरी आणले. दिवसाची काळजी नव्हती. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती एखादा टोला हाणून परत पाठवी, आणि येणाराही तो प्रसादासारखा घेऊन हसत जाई. इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात आत्याची वाक्ये चलनी नाण्यांसारखी फिरत असत. अवघड असे ती रात्र. दुखण्यामुळे झोप येत नसे, आणि ऐकायला कोणी नसल्यामुळे तिची जीभही जणू आजारी पडे.

त्या सुमारास केबलवर एक गमतीची वाहिनी होती. दिवसभर तिच्यावर मुलांची कार्टून चालत, आणि रात्री नऊ वाजले की तीच वाहिनी टीएनटी असे नाव धारण करून जुने अमेरिकन चित्रपट दाखवू लागे. मी आत्याच्या खोलीत आरामखुर्ची टाकून बसे आणि आवाज बारीक करून आम्ही दोघी ते चित्रपट पाहत असू. आत्याला इंग्रजी येत नव्हते. मराठी आणि हिंदी मात्र ती अशी बोले की तिसऱ्या भाषेची तिला गरज पडली नसावी.

एका रात्री लागलेल्या चित्रपटाचे रंग विचित्र होते. गुलाबी आणि हिरवट अशा दोनच छटा, निळ्याचा पत्ता नाही. तो ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ होता, वॉर्नर ब्रदर्सचा, १९३३ सालचा. मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, आगीत होरपळलेला शिल्पकार, शवागारातून नाहीशी होणारी प्रेते, असा सगळा भयाचा सरंजाम. त्यात एक सोनेरी केसांची बातमीदार बाई होती. संपादकाने नोकरीवरून काढण्याची धमकी दिली म्हणून बातमी शोधायला निघालेली ही बाई वाटेत भेटेल त्याला काही ना काही सुनावत चालली होती. पोलीस, डॉक्टर, संपादक, कोणी सुटत नव्हते. मी आत्यासाठी भाषांतर करू लागले, आणि माझे एक वाक्य पुरे होते न होते तोच आत्याने हात वर केला.

‘तू सांगू नकोस गं. तुझं होईस्तोवर तिची चार वाक्यं होतात. मला तिचं तोंड बघू दे.’

मी गप्प बसले. चित्रपटाची नायिका खरे तर दुसरी होती. फे रे ही त्याच साली ‘किंग काँग’च्या मुठीत सापडून जगप्रसिद्ध झालेली सुंदर नटी. पुतळा करायला योग्य असा चेहरा तिचा, किंकाळी तिची, शेवटी सुटकाही तिचीच. आत्याचे तिच्याकडे लक्ष नव्हते. ‘ती ओरडणारी राहू दे. ही कोण?’ असे तिने दोनदा विचारले. मला सांगता आले नाही. ग्लेंडा फॅरेल हे नाव मी नंतर शोधून काढले, आणि तिचे चित्रपट एकेक करून मिळवून पाहायला पुढे माझी निवृत्ती उजाडावी लागली.

बोलपट आला तेव्हा अमेरिकेत जे घडले ते आपल्याकडेही थोड्या फरकाने घडले. १९२७ साली वॉर्नर ब्रदर्सच्याच ‘द जॅझ सिंगर’ने पडद्याला कंठ फुटला, आणि मूकपटांतील कित्येक सुंदर चेहरे एकाएकी अपुरे पडू लागले. ज्यांना वाक्य टाकता येते अशी माणसे हवी होती आणि ती रंगभूमीवर होती. आपल्याकडे १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ यांच्यानंतर नाटक मंडळ्यांतील नट जसे स्टुडिओंकडे वळले, तसेच न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतून नट-नटी आगगाडीने कॅलिफोर्नियाला जाऊ लागल्या. संवाद लिहायलाही माणसे लागत. बेन हेक्ट, हर्मन मँकिविट्झ यांच्यासारखे वृत्तपत्रांत लेखणी घासलेले लोक तिकडे गेले आणि त्यांच्याबरोबर बातमीदारांच्या खोलीतील ती तिरकस, घाईची, कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारी भाषा पडद्यावर आली. सुरुवातीच्या काळात मायक्रोफोन जागचा हलत नसे, म्हणून पात्रे फुलदाणीसमोर उभी राहून सावकाश बोलत. दोन-तीन वर्षांत तो दांड्याला टांगून डोक्यावरून फिरवता येऊ लागला, आणि माणसे चालता चालता बोलू लागली. फॅरेलसारख्या नटीला मोकळी वाट मिळाली ती या दांड्यामुळे, असे मला वाटते.

तिचा जन्म ओक्लाहोमातील ईनिड या गावचा. सातव्या वर्षी ‘अंकल टॉम्स केबिन’च्या नाट्यरूपात छोट्या ईव्हाची भूमिका करून ती रंगमंचावर आली आणि नाटक मंडळ्यांतच वाढली. लग्न लवकर झाले, मुलगा झाला आणि १९२९ मध्ये घटस्फोट झाला. पुढे तो मुलगाही नट झाला. पदरी मूल, देशात मंदी आणि हातात नाट्यव्यवसायाखेरीज काही नाही, अशा स्थितीत ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उभी राहिली. १९३१ च्या आरंभी प्रदर्शित झालेल्या ‘लिटल सीझर’मध्ये ती नर्तकी झाली. तो चित्रपट एडवर्ड रॉबिन्सनचा. तिच्या वाट्याला त्यात जे आले ते बेताचेच. १९३२ साली ‘लाइफ बिगिन्स’ नावाचे, प्रसूतिगृहात घडणारे एक नाटक आले. ते चालले नाही, पण वॉर्नरने त्याचा चित्रपट केला आणि तिची भूमिका तिच्याकडेच ठेवली. जुळी मुले नको असलेली, शेकायच्या रबरी पिशवीत दारू लपवून आणणारी ही रंगेल बाई, शेवटी मुले सोडून जायची वेळ येते तेव्हा बदलते. कथा भाबडी आहे. पण फॅरेल तिला भाबडी होऊ देत नाही. डोळ्यांत पाणी येण्याच्या जागी ती कोणाला तरी काहीतरी लागट बोलून मोकळी होते, आणि पाणी येते ते आपल्या डोळ्यांत.

त्याच वर्षी ‘आय अॅम अ फ्यूजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’मध्ये तिने अगदी उलटे काम केले. पॉल म्युनीचा नायक तुरुंगातून पळालेला. खोली भाड्याने देणारी मेरी त्याचे पत्र फोडून गुपित जाणून घेते, त्या बळावर लग्न करायला लावते आणि पुढे त्याला पकडून देते. तोच आवाज, तीच धार, पण इथे ती धार गळ्यावर ठेवलेली. ज्यांना वाटते की अशा नट्या म्हणजे फक्त चटपटीत बोलणाऱ्या बाहुल्या, त्यांनी ही मेरी पाहावी.

१९३३ या एका वर्षात तिचे दहा तरी चित्रपट आले. स्टुडिओशी करार असला की एका चित्रपटाचा रंग पुसून दुसऱ्याचा लावायचा, एवढेच नटाच्या हाती असे. वॉर्नरचे चित्रपट तर त्या काळी कारखान्यातून मालगाड्या निघाव्यात तसे निघत. मंदी एवढी होती की अमेरिकेत त्या वर्षी काम करणाऱ्या चौघांतला एक जण बेकार होता. ज्याला उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही असा प्रेक्षक तिकीट काढून आत बसे. नायिका प्रेमात पडली की खोलीचे भाडे कोण देणार हे विचारायला पडद्यावर कोणीतरी लागे. ते विचारणे फॅरेलचे काम होते. फ्रँक काप्राच्या ‘लेडी फॉर अ डे’मध्ये ती रात्रीच्या क्लबाची मालकीण आहे, आणखी कुठे टंकलेखिका, कुठे नर्तकी, कुठे ठकसेन, पण तिचा प्रश्न बहुधा तोच असतो.

टोला हाणणे ही काय चीज आहे याचा मी त्या निमित्ताने पुष्कळ विचार केला. कोटी करणारा स्वतःच्या बुद्धीवर खूश असतो. टोमणा मारणाऱ्याला समोरच्याला दुखवायचे असते. फॅरेलचे तसे नाही. तिला समोर चाललेले ढोंग दिसते, ते थांबवण्याची सत्ता तिच्याकडे नसते, म्हणून ती त्याचे खरे नाव मोठ्याने घेते आणि पुढे निघते. निघते हे महत्त्वाचे. रंगभूमीवर हशा पिकला की नट थांबतो, ओसरल्यावर पुढचे वाक्य घेतो. चित्रपटात थांबता येत नाही, कारण हसणारा समोर नसतो. रंगभूमीवरून आलेल्या अनेकांच्या त्या काळच्या बोलण्यात हशासाठी राखलेली रिकामी जागा अजून ऐकू येते. फॅरेलच्या बोलण्यात ती नाही. वाक्य टाकतानाच ती वळलेली असते, दाराच्या दिशेने दोन पावले गेलेली असते, आणि आपण हसतो तोवर पुढचे वाक्य निम्मे झालेले असते. आत्याने भाषेवाचून जे ओळखले ते हेच असावे.

आत्यालाही हशासाठी थांबायची सवय नव्हती. १९४८ च्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतील बायकांनी नाटक बसवले होते. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मी पाहिली असे मला वाटते. संगीत नाटकांच्या भरभराटीत ‘संशयकल्लोळ’मधील कृत्तिकेसारख्या तिखट बायकांची वाक्येही पुरुषांच्याच मुखातून यायची, तेव्हा बायकांनी बायकांची कामे करणे ही त्या पिढीला मोठी मौज होती. आत्याची गोरीपान मावसबहीण नायिका झाली आणि आत्याला मोलकरीण दिली. प्रयोगाच्या रात्री नायिका ऐन प्रवेशात वाक्ये विसरली. आत्याने केरसुणी न टाकता नायिकेचे वाक्य उचलले, ‘बाईसाहेबांच्या मनात असं आहे की…’ अशी सुरुवात करून ते सगळेच्या सगळे म्हटले, आणि शेवटी ‘एवढं सांगायला मला जास्तीचा पगार नाही’ असे पदरचे जोडले. टाळ्या पडल्या. बक्षीस नायिकेला मिळाले.

हॉलिवूडमध्येही बक्षिसांचा हिशेब असाच असे, पण १९३३ ते १९३५ या काळात फॅरेलला एक सोबतीण मिळाली आणि दोघींना मिळून जवळजवळ नायिकेची जागा आली. जोन ब्लाँडेल ही तिच्यासारखीच, नटांच्या कुटुंबात रंगमंचाच्या मागे वाढलेली. ‘हवाना विडोज’पासून ‘मिस पॅसिफिक फ्लीट’पर्यंत पाच विनोदी चित्रपटांत ही जोडी होती. ब्लाँडेल गोल, उबदार, टपोऱ्या डोळ्यांची. फॅरेल सडपातळ आणि टोकदार. हे पाच चित्रपट ओळीने पाहिले तर मध्येच हवा बदललेली जाणवते. चित्रपटांनी काय दाखवावे याची नियमावली १९३० सालीच झाली होती, पण तिला कोणी विचारत नव्हते. १ जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्याआधीच्या ‘हवाना विडोज’मध्ये या दोघी श्रीमंत म्हाताऱ्यांना लुबाडायला उघड उघड निघतात. त्यानंतरच्या ‘ट्रॅव्हलिंग सेल्सलेडी’ आणि ‘वी आर इन द मनी’मध्ये त्यांना कामधंदा आहे, एकीत दंतमंजन विकण्याचा मामला आहे, दुसरीत कोर्टाची समन्से बजावण्याचा. नीतीच्या रखवालदारांनी त्यांची जीभ छाटली असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. लबाडी काढून घेतल्यावर त्या तैलबुद्धीचे करायचे काय, हा प्रश्न लेखकांपुढे आला, आणि त्यांनी तिला नोकरीला लावले.

त्या नोकरीतूनच टॉर्ची ब्लेन आली. फ्रेडरिक नेबेल या रहस्यकथाकाराच्या कथांत केनेडी नावाचा दारुडा बातमीदार होता. वॉर्नरने त्याला बाई केले, नाव बदलले आणि १९३७ च्या आरंभी ‘स्मार्ट ब्लाँड’ काढला. हे चित्रपट साधारण तासाभराचे. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची तेव्हाची रीत. त्यातला दुसरा, कमी खर्चाचा, ठराविक रकमेला चित्रपटगृहांना भाड्याने दिला जाणारा. त्यासाठी कोणी घरून निघत नसे. तरी या मालिकेचे नऊ चित्रपट निघाले आणि त्यातील सात फॅरेलचे. मध्ये एकदा स्टुडिओने तिच्या जागी लोला लेन या नटीला उभे केले, पण नंतर पुन्हा फॅरेलच आली. शेवटचा १९३९ चा चित्रपट जेन वायमनने केला. पोलीस अधिकारी स्टीव्ह मॅकब्राइड हा टॉर्चीचा होणारा नवरा, बार्टन मॅक्लेनने रंगवलेला. त्यांच्या लग्नाचा विषय निघतो आणि कुठल्या तरी खुनामुळे पुढे ढकलला जातो. आत्याला ही योजना फार पसंत पडली असती.

या भूमिकेविषयी फॅरेलने पुढे एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट मला तिच्या सगळ्या टोल्यांहून मोलाची वाटते. पडद्यावरच्या बातमीदार बायका तिला व्यंगचित्रे वाटत. म्हणून टॉर्ची स्वीकारण्याआधी ती खऱ्याखुऱ्या बातमीदार बायकांना भेटली, न्यूयॉर्कला गेली असता त्यांना काम करताना पाहिले, आणि एक जिवंत माणूस उभे करायचे असे तिने ठरवले. नेली ब्लाय नावाच्या अमेरिकन बातमीदार बाईने १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. तेव्हापासून अशा बायका त्या देशात होत्या, नव्हत्या त्या पडद्यावर. दुय्यम चित्रपटातील दुय्यम समजल्या जाणाऱ्या कामासाठी हे कष्ट घ्यायला तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या टॉर्चीला मोह आहेत, खोटेही बोलता येते, पण ती मूर्ख नाही आणि कोणाची शोभाही नाही. धोक्यात सापडली की पोलिसांची गाडी तिला सोडवायला येते हे खरे. पण तोवर गुन्हेगार कोण हे तिने ओळखलेले असते.

याचे फळ दुसऱ्यांच्या झाडाला लागले. १९३८ साली सुपरमॅन जन्माला आला, आणि त्याच्या जोडीला लोइस लेन ही बातमीदार. सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी जेरी सीगल यांनी १९८८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाला पत्र लिहून कबूल केले की लोइस सुचली ती फॅरेलच्या टॉर्चीवरून, आणि नाव लोला लेनवरून. १९४० साली ‘हिज गर्ल फ्रायडे’ आला. मूळ ‘द फ्रंट पेज’ या १९२८ च्या नाटकातील पुरुष बातमीदार त्यात बाई झाला, आणि ते काम रोझलिंड रसेलने असे केले की आजही त्याचे गोडवे गायले जातात. ते योग्यच आहे. पण तीन वर्षे आधी हीच उलटापालट तासाभराच्या स्वस्त चित्रपटात एका बाईने करून दाखवली होती, हे सांगताना मात्र फारसे कोणी दिसत नाही.

‘वॅक्स म्युझियम’ची पुढची हकीकत आणखी बोलकी आहे. १९५३ मध्ये वॉर्नरनेच ‘हाउस ऑफ वॅक्स’ नावाने तो पुन्हा काढला. या वेळी त्रिमिती, म्हणजे चश्मा लावून पाहायचा, आणि व्हिन्सेंट प्राइस शिल्पकार. चित्रपट विलक्षण चालला. मी तो बऱ्याच उशिरा पाहिला, आणि अर्ध्या तासानंतर मला काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. आग होती, पुतळे होते, किंचाळणारी सुंदर मुलगी होती. बातमीदार नव्हती. काळ मागे नेऊन तिला कथेतून अलगद उचलून टाकले होते. आश्चर्य म्हणजे कथा तिच्यावाचून पडली नाही, व्यवस्थित उभी राहिली. फक्त तिच्यात प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. मूळ चित्रपट तर पुढे कित्येक वर्षे हरवलाच समजला जात होता. जॅक वॉर्नर यांच्या खासगी संग्रहात त्याची प्रत निघाली म्हणून तो वाचला.

हे पाहत असताना मला आमच्या घरातले १९५६ साल आठवले. मी चार वर्षांची होते, त्यामुळे आठवले म्हणणे खरे नाही. सांगण्यातून कळलेले आठवले. आत्याला देवासला शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. तिशीतली अविवाहित मुलगी एकटी खोली घेऊन राहणार यावरून आमच्या आजोबांशी भांडून ती गेली होती. चार महिने राहिली. मग माझ्या आईला क्षय निघाला, मी आणि धाकटा भाऊ लहान, आणि आत्या सामान घेऊन परत आली. आई वर्षभराने बरी झाली, पण देवासची जागा तोवर भरली गेली होती. एवढाच वृत्तांत घरात सांगितला जाई, आणि तोही आत्याच्याच एका वाक्यासाठी: टांग्यातून उतरताना ती म्हणाली होती, ‘भूगोल शिकवून कंटाळले, म्हटलं जरा घरचा इतिहास बघावा.’ हे वाक्य आमच्याकडे लग्नकार्यात हमखास निघे. आम्ही हसत असू. मीही हसे. त्या चार महिन्यांत तिने कुठली खोली घेतली होती, स्वयंपाक कोण करी, वर्गात मुली किती होत्या, पहिल्या पगाराचे तिने काय घेतले, हे मी तिला कधीच विचारले नाही. माझ्या वेण्या घालून मला शाळेत आणि पुढे कॉलेजात पाठवणारी ती, आणि मी प्राध्यापक होऊन लोकांच्या मुलींना शिकवणारी. वाक्य इतके चांगले होते की त्याच्या पुढे पाहावेसे कोणाला वाटलेच नाही.

टोल्याची हीच अडचण असावी. तो बोलणाऱ्याला वाचवतो आणि झाकूनही टाकतो. फॅरेलबद्दल जे तुरळक लिहिलेले सापडते त्यातही ‘चटकदार’, ‘फटकळ’, ‘तोंडाळ’ ही विशेषणे येतात आणि विषय संपतो.

ती स्वतः मात्र संपली नाही. १९३९ नंतर स्टुडिओचा करार नको म्हणून ती रंगभूमीवर परतली आणि ‘सेपरेट रूम्स’ या विनोदी नाटकाचे ६१३ प्रयोग झाले. त्याच काळात पाय मुरगळला म्हणून नाट्यगृहात बोलावलेले डॉक्टर हेन्री रॉस यांच्याशी १९४१ साली तिने लग्न केले. हे लग्न अखेरपर्यंत टिकले. मोठ्या भूमिका कमी झाल्या, पण काम सुटले नाही. १९६३ साली ‘बेन केसी’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कामासाठी तिला सहायक अभिनेत्रीचे एमी पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ती एल्व्हिस प्रेस्लेची आई झाली. ‘फॉर्टी कॅरट्स’ हे तिचे शेवटचे नाटक. १ मे १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. नवरा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा पदवीधर असल्यामुळे तिचे दफन तिथल्या दफनभूमीत झाले. सेनाधिकाऱ्यांच्या रांगेत टॉर्ची ब्लेन! यावर ती काय म्हणाली असती याची मी पुष्कळदा कल्पना करून पाहिली, पण तिच्या तोडीचे काही सुचले नाही.

आत्या १९९८ साली गेली. अलीकडे ‘वॅक्स म्युझियम’ची डागडुजी केलेली नवी प्रत मिळाली, तेव्हा मी तो शेवटपर्यंत पुन्हा पाहिला. त्याचा शेवट मला त्या रात्रीही आवडला नव्हता. सगळे रहस्य उलगडून ती बातमीदार कचेरीत येते. बाहेर मोटारीत एक श्रीमंत तरुण तिची वाट पाहत असतो. इथे संपादक, तोच सदा खेकसणारा संपादक, तिला हा वेडाचार सोड, सभ्य बाईसारखी वाग आणि माझ्याशी लग्न कर अशा अर्थाचे काहीतरी सुनावतो. ती खिडकीतून बाहेर पाहते आणि हो म्हणते. चित्रपट संपतो.

आत्या तेव्हा उशीला टेकून बसली होती. ‘एवढं डोकं चालवून शेवटी हे?’ ती म्हणाली. ‘त्यापेक्षा तो मेणवाला काय वाईट होता? निदान पुतळा तरी केला असता.’ मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून नवरा उठून आला. आत्या हसली नाही. पडद्यावर पुढच्या चित्रपटाची जाहिरात सुरू झाली होती, तिच्याकडे पाहत तिने विचारले, ‘हो म्हणायच्या आधी ती खिडकीतून काय बघत होती गं?’

‘खाली त्या पैसेवाल्याची मोटार उभी होती,’ मी सांगितले.

‘अस्सं. मला वाटलं नुसतीच बघतेय,’ आत्या म्हणाली, आणि कूस वळवायला तिने माझा हात मागितला.